हौद्यात वाळूची पोती कशासाठी?

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे हुरडा पार्टीचं आमंत्रण, आणि दुसरी म्हणजे मनालीकडे बर्फावरून घसरत चाललेल्या गाड्यांचा व्हिडिओ. ड्रायव्हर ब्रेकवर उभा असतो, चाकं जाम झालेली असतात, आणि गाडी कसलीच घाई नसल्यासारखी संथपणे पुढच्या गाडीच्या अंगावर जाते. खाली कोणीतरी हसण्याच्या चार इमोजी टाकतं.

यंदा मात्र प्रश्न घरातूनच आला. माझा मावसभाऊ कोथरूडला राहतो. त्याच्याकडे डबल कॅबिनची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी) पिकअप आहे. एरवी ती मुळशीच्या शेतावर खताच्या गोण्या आणि आंब्याची रोपं वाहते. जानेवारीत तिच्यातून मनाली, आणि जमलं तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जायचं त्याच्या मनात आहे. त्याचा फोन आला, "दादा, तिकडचा एक जण म्हणतोय हौद्यात वाळूची चार पोती टाकून ये. एवढे पैसे मोजून फोर बाय फोर घेतलीय, आता वाळू कशाला वाहू?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याला बर्फाची सवयच नाही. पुण्यातला आजवरचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस, तोही १७ जानेवारी १९३५ चा. म्हणजे पाणी गोठायच्या आधीच आपली थंडी दमते. पण चाक घसरण्यामागचं कारण समजून घ्यायला मनालीला जायची गरज नाही, मार्केट यार्डापर्यंत गेलं तरी पुरे.

भरलेली गाडी शहाणी, रिकामी गाडी वेडी

पावसाळ्यात पहाटे गुलटेकडीला पुरंदरच्या बाजूने सीताफळाचे क्रेट भरून पिकअप येतात. माल उतरला की रिकाम्या होऊन दिवे घाटाने सासवडकडे परत जातात. त्यातल्या एका मामांच्या हौद्यात, कॅबिनच्या थोडं मागे, एक भलामोठा काळा दगड दोरखंडाने बांधलेला मी पाहिला होता. मला वाटलं, चाकाला ओट लावायला ठेवला असेल. मामा म्हणाले, "ओटीचा दगड एवढा असतोय व्हय? पावसात रिकामी गाडी घाटाला लावली की मागलं चाक जागेवर फिरतंय. हा बसला की गाडी गप चालती."

मावसभावाला ज्याने वाळू भरायला सांगितलं, त्याच्या आणि या मामांच्या सल्ल्यात काहीच फरक नाही.

कारण असं की पिकअपची बांधणी माल वाहण्यासाठी केलेली असते. इंजिन पुढे, माणसं पुढे आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. गाडी रिकामी असली की एकूण वजनातलं साधारण ६० टक्के पुढच्या चाकांवर असतं आणि मागच्यांवर जेमतेम ४०. पण इंजिनाची ताकद बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांना जाते. म्हणजे गाडी ढकलायचं काम ज्या चाकांवर आहे, नेमका त्यांच्यावरच भार कमी. त्यात मागचे स्प्रिंगचे पाटे टनभर मालाच्या हिशोबाने कडक केलेले. रिकाम्या हौद्याखाली ते दबतच नाहीत, त्यामुळे खड्डा आला की मागचं बूड उडतं, आणि हवेत असलेलं चाक काय ढकलणार?

रस्सीखेच आठवा. ताकद सारखीच असली तरी हलका गडी ओढला जातो, कारण त्याचे पाय जमिनीत रुतत नाहीत. चाकाचंही तसंच आहे. चाकाने रस्त्याला धरून गाडी पुढे ढकलायची जी क्षमता, तिला इंग्रजी पुस्तकांत ट्रॅक्शन म्हणतात. आपण तिला पकड म्हणू.

पकडीचा हिशोब

पकड दोनच गोष्टींवर ठरते: चाकावर भार किती आहे, आणि रबर व रस्ता एकमेकांना किती चिकटतात. या चिकटण्याला एक आकडा असतो. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७, ओल्या डांबरावर ०.५ च्या आसपास, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. भाराला या आकड्याने गुणलं की पकड मिळते.

आता एक रिकामी पिकअप घेऊ, वजन १८०० किलो. मागच्या चाकांवर त्यातले ७२०. दाबलेल्या बर्फावर पकड झाली ७२० गुणिले ०.२, म्हणजे १४४ किलोंचा जोर. हा जोर १८०० किलोंची गाडी जास्तीत जास्त ८ टक्के चढावर नेऊ शकतो. ८ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. डोंगरातल्या रस्त्यांचा चढ साधारण ५ ते ७ टक्क्यांत ठेवतात, क्वचित ८. म्हणजे ही गाडी अगदी काठावर पास होते. एखाद्या वळणावर थांबावं लागलं की नापास. आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ असेल तर तिची मजल ४ टक्क्यांतच संपली.

आता मागच्या आसावर २०० किलो वाळू ठेवा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली तर ती ५० किलोंच्या आसपास बसते, म्हणजे चार गोण्या. मागचा भार ९२०, जोर १८४ आणि गाडी झाली २००० किलोंची. चढ निघाला ९.२ टक्के.

एवढ्या खटाटोपानंतर ८ चे झाले ९.२. म्हणजे वाळू खोटी नाही, पण ती जादूही नाही. जिथे गाडी दोन बोटांसाठी अडली आहे तिथे ती दोन बोटं मिळवून देते. मामांच्या दगडाचं कामही तेवढंच होतं. (चढावर गाडीचं वजन जरा मागे झुकतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे बरे निघतात. पण कोणता उपाय कितपत कामाचा, हे कळायला एवढा हिशोब बास.)

पोती ठेवायची कुठे?

इथे भले भले चुकतात. "मागे वजन हवंय ना" म्हणून पोती पार फाळक्यापाशी रचतात. केळ्यांची हातगाडी डोळ्यांसमोर आणा. सगळे घड एका टोकाला ठेवले की दुसरं टोक उचललं जातं. पिकअपमध्ये मागच्या चाकांच्याही मागे एक मीटरवर २०० किलो ठेवले, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर असेल, तर मागच्या चाकांवर २६७ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ६७ कमी होतात. चढायला गाडी अधिक जोरदार होईल, पण स्टिअरिंग पुढच्या चाकांवर असतं. बर्फात स्टिअरिंग हलकं झालं की वळणावर गाडी तुमचं ऐकत नाही, सरळ जाते. शिवाय बुडाशी लटकलेलं वजन एकदा झुललं की गाडी पूर्ण फिरवतं.

म्हणून पोती मागच्या आसाच्या बरोबर वर, किंवा वीतभर पुढे. आडवी, एकाच थरात, आणि करकचून बांधलेली. हे बांधणं विनोदाने घेऊ नका. गाडी आदळली तर ५० किलोंचं सुटं पोतं कॅबिनच्या मागच्या काचेकडे निघतं.

वाळूच का, असंही भावाने विचारलं. कारण अडकल्यावर पोतं फोडून चाकाखाली पसरता येते. व्यायामाच्या लोखंडी वजनांचा तसा उपयोग होत नाही, आणि पाण्याचे कॅन रात्रीत गोठून फुटतात. वाळू कोरडी मात्र हवी, नाहीतर सकाळी पोत्याच्या जागी दगड मिळेल. आणि माणसं, बॅगा, वाळू सगळं धरून वजन गाडीच्या कागदपत्रांतल्या मर्यादेत बसायला हवं. डबल कॅबिनमध्ये पाच जण आणि वर सामान म्हटलं तर वाळूचा वाटा कमीच उरतो. पण त्या सामानानेही मागचा भार थोडाफार वाढलेला असतोच.

वजन वाढलं की ब्रेक उशिरा लागणार नाही का?

ही शंका अगदी योग्य आहे. भार वाढला की पकड वाढते हे खरं, पण थांबवायचा ऐवजही तेवढाच वाढतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे वाळूमुळे गाडी चढेल, लवकर थांबणार नाही. मागचं चाक कमी उडेल आणि ब्रेक मारताना बूड कमी नाचेल, एवढाच फायदा.

थांबण्याचा हिशोब पकडीच्या आकड्यावरच चालतो. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ओल्यावर १३, दाबलेल्या बर्फावर ३१, आणि काचेसारख्या बर्फावर ६३. हे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर. तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेलं अंतर वेगळं. तेव्हा व्हिडिओतल्या त्या ड्रायव्हरला हसणाऱ्यांनी ९ आणि ६३ हे आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

"पण माझी फोर बाय फोर आहे!"

आहे, आणि फार कामाची आहे. चारही चाकं ढकलायला लागली की गाडीचं सगळं वजन कामाला येतं. वरच्याच हिशोबात ८ टक्क्यांचे एकदम २० होतात. चढायच्या बाबतीत चार पोत्यांनी याच्याशी बरोबरी करायचा प्रश्नच नाही.

पण ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर असतात. फोर बाय फोर म्हणून गाडी एक मीटरही आधी थांबत नाही. उलट घोटाळा असा की ती सहज चढते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही. कळतं ते उतारावरच्या पहिल्या ब्रेकला. मागच्या दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी निदान चढावरच अडकून इशारा तरी देते.

आणखी एक. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये फोर व्हील गरजेपुरती जोडायची असते. ती कोरड्या डांबरावर लावून ठेवायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. निसरड्यावर ती जराशी घसरून फरक जिरवतात, कोरड्यावर मात्र तो ताण गिअरच्या दातांवर जातो.

मग फोर बाय फोर असूनही कधीकधी पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगर फिरतं आणि गाडी हलत नाही, ते कसं? याचं उत्तर बैलजोडीत आहे. जू मधोमध बांधलेलं असतं. एक बैल ओढायचा थांबला की दुसरा कितीही ताकदीचा असो, त्याच्या ओढण्याने जू नुसतं तिरकं होतं. दोन चाकांच्या मधला डिफरन्शियल हा असाच जू आहे. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हे त्याचं काम, पण दोघांनाही तो सारखाच जोर देतो. बर्फावरचं चाक जेवढा जोर सोसेल, तेवढाच डांबरावरच्या चाकाला मिळतो. डिफरन्शियल लॉक म्हणजे या जुवाला खुंटी ठोकणं. दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ज्याला पकड आहे ते गाडी काढतं. अडकल्यावर तो लावायचा आणि सुटल्यावर लगेच काढायचा, कारण लॉक लागलेला असताना गाडी वळायला कुरकुरते.

खरा खर्च कशावर करायचा, तर टायरवर

रस्त्याला टेकतं ते शेवटी रबर, आणि प्रत्येक टायरचा टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. डिसेंबरच्या सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. तेल तेच, पण थंडीने घट्ट झालेलं, उलटी केली तरी थेंब पडत नाही. टायरचं रबरही गारठलं की कडक होतं. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर पुण्याच्या उन्हाळ्यात वितळू नये असं बनवलेलं असतं. पारा ७ अंशांच्या खाली गेला की ते आखडायला लागतं, आणि रस्त्याच्या बारीक खाचांमध्ये शिरून धरायचं त्याचं काम मंदावतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या बर्फाला चावतात.

अशा टायरने दाबलेल्या बर्फावरचा आकडा ०.२ वरून ०.३ वर गेला, असं धरा. पोती नाहीत, फोर बाय फोर नाही, तरी ८ चे १२ टक्के झाले. फोर बाय फोरला लावले तर ३०. आणि मुख्य म्हणजे थांबायचे ३१ मीटर २१ वर आले. चढायला, वळायला आणि थांबायला एकदम मदत करणारा, एरवीही गाडीवर राहणारा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात, ते उगाच नाही.

"माझे टायर नवीन आहेत, बटणंही जाडजूड आहेत," हे भावाचं उत्तर. चिखलासाठीचे ते बटण टायर मोकळ्या, खोल बर्फात बरे चालतात. गोठलेल्या रस्त्यावर मात्र मोठमोठे कडक ठोकळे म्हणजे लाकडी खडावा. टायरच्या बाजूला एक खूण शोधायची: तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. ही खूण बर्फावर चाचणी झालेल्या टायरला मिळते. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते नक्षीपुरतं, चाचणीचं नाही. सगळीकडे चालणाऱ्या ऑल टेरेन टायरपैकी काहींवरही ही डोंगराची खूण असते. आठ दिवसांच्या सहलीसाठी टायरचा वेगळा संच घेणं ज्याला परवडत नाही, त्याने पुढची खरेदी करताना एवढं जरी पाहिलं तरी खूप झालं. आणि टायर गोटे झाले असतील तर विषयच संपला. आपल्या कायद्याची १.६ मिलिमीटर नक्षी पुण्याच्या रस्त्यांसाठी ठीक, बर्फात ४ च्या खाली जाऊ नये.

हवा कमी केली की पकड वाढते, म्हणतात

अर्धं खरं. वाळूत किंवा गुडघाभर भुसभुशीत बर्फात रुतल्यावर हवा थोडी काढली की टायर पसरतो आणि गाडी बाहेर येते. पण रस्त्यावर चालवताना हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी. पिकअपची खरी गोम वेगळी आहे. गाडीला रिकामी असतानाची आणि भरलेली असतानाची मागची हवा वेगवेगळी सांगितलेली असते. आपण पंपावर "भरा नेहमीसारखी" म्हणतो आणि लोडची हवा घेऊन रिकामे फिरतो. टायर मधोमध फुगतो, कडा टेकत नाहीत. मागचं बूड उड्या मारतं त्यात या फुकटच्या हवेचाही दोष असतो.

पुण्याच्या २५ अंशांत हवा भरून उणे ५ मध्ये गेलात तर थंडीने चार-पाच पीएसआय उतरते. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे त्यातली दोनेक परत मिळते. एवढं तोंडी गणित करण्यापेक्षा मनालीत सकाळी, टायर थंड असताना, मोजलेलं बरं.

साखळ्या

बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. साखळी काचेसारख्या बर्फातही रुतते, तिथे टायरचंही फारसं चालत नाही. दोन चाकांवर चालणाऱ्या पिकअपला ती मागच्या चाकांवर लावायची. चारही चाकांवर लावली तर उत्तम, कारण उतारावर वळायला पुढची पकड लागते. फोर बाय फोरला एकच जोडी असेल तर कुठे लावायची ते गाडीच्या पुस्तकात पाहावं. वेग फार तर ताशी ३० ते ४०, आणि डांबर दिसलं की साखळी काढायची. नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात रस्ता कोरडा असतो, तिथे साखळ्यांचा खडखडाट ऐकवत नाही आणि टायरचीही वाट लागते.

आणि पाय

बाकी सगळं केलं तरी उजवा पाय जड असेल तर उपयोग नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचला, म्हणजे चाकाला धक्का बसत नाही. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो पुन्हा गोठतो आणि तुम्ही स्वतःच्याच चाकाखाली आरसा तयार करता. उताराला आधीपासून खालच्या गिअरमध्ये. मागचं बूड उजवीकडे निघालं तर स्टिअरिंगही उजवीकडे, ब्रेक नको. पुलावरचा रस्ता आधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो. रात्री गाडी गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगडाची ओट द्या. हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठून तिथेच बसलेला असतो.

भावाने शेवटी पोती रद्द केली. पाच माणसांच्या सामानातच मागचा भार झाला. टायरचं त्याने "पुढच्या वर्षी" म्हणून ढकललं, ते मला पटलेलं नाही. साखळ्या मात्र घेतल्या, आणि मी हट्ट धरला म्हणून गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या लावून पाहिल्या. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली आणि साखळी उलटी बसली, हुकांची टोकं टायरच्या बाजूला. ती बाहेरच्या अंगाला हवीत, नाहीतर रबराला ओरखडे पडतात. दुसऱ्यांदा हातमोजे घालून पंधरा मिनिटांत जमलं. वॉचमनकाका बराच वेळ हात मागे बांधून बघत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, एवढं बांधून ठेवायला गाडीचे हप्ते थकलेत का?"